बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात मेजर कसा निवडावा? (कोल्हापूर)

केमिस्ट्री घेऊ की मायक्रोबायोलॉजी, आणि पुढे काम काय मिळेल, असं तू विचारलं आहेस. माझं मत: मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवण्याआधी त्या विषयाचं काम जिथे रोज चालतं तिथे जाऊन ये. आपल्याकडे ते फार सोपं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये ओतकामाआधी वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात, कार्बन-सिलिकॉन किती ते बघतात. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढतात. दूध संघात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि जिवाणूंची तपासणी असते, म्हणजे तुझे दोन्ही विषय एकाच छताखाली! साखर कारखान्यात मात्र गळीत हंगामातच जा, एरवी लॅब शांत असते.

तिथल्या केमिस्टला 'स्कोप आहे का' असं विचारू नकोस. दिवसभर काय करता, शिफ्ट कशी असते, कॉलेजात न शिकलेलं काय शिकावं लागलं, हे विचार. माणसं मनापासून सांगतात. ओळख नसेल तर विभागातल्या सरांकडून पत्र घे, किंवा तिथे लागलेल्या माजी विद्यार्थ्याला गाठ.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर, म्हणजे दुय्यम विषयही आहे, त्यामुळे दुसरा विषय पूर्ण सुटत नाही. संशोधनाकडे ओढा वाटला तर शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या एम.एस्सी.च्या ताईशी बोल, आणि आयआयटीत एम.एस्सी.साठी असलेल्या 'जॅम' या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम आत्ताच चाळून ठेव.