केळीचे साडेचार लाख आणि .३२ चं पिस्तूल

रामराम भाऊ,

तुमचं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. केळीच्या पानावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन काडतुसं. डावीकडचं .२२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप, इंचात), बारीक, गोल शेंड्याचं. उजवीकडचं .३२, जाडजूड आणि शेंडाच छाटल्यासारखं सपाट. घरी फोटो दाखवला तर बायको म्हणाली, हे बिघडलेलं दिसतंय. तिला सांगावं लागलं की ते बिघडलेलं नाही, वॅडकटर आहे. शिशाची गोळी काडतुसाच्या नळीच्या काठापर्यंत आत बसवलेली असते, म्हणजे कागदावर कंडक्टरच्या पंचासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही.

इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा देतो. भाऊ रावेर तालुक्यातले, वय ३४, सहा एकर केळी. आठ वर्षं एअर पिस्तूल खेळतात, दोन वर्षं महिन्यातून दोनदा पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटरचा सराव, तोही क्लबच्या पिस्तुलावर. यंदाच्या कापणीतून पुढच्या मृगबागेचा (पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीचा) खर्च बाजूला ठेवून साडेचार लाख हातात उरलेत. त्यातून स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. .२२ चं २ लाख ६० हजारांना पडतंय, .३२ चं ३ लाख १० हजारांना. मन .३२ कडे ओढतंय, कारण सेंटर फायर प्रकारात (.२२ पेक्षा मोठ्या बोअरच्या पिस्तुलांची २५ मीटरची स्पर्धा) गर्दी कमी, पदकाची आशा जास्त. कमी पडलं तर किसान क्रेडिट कार्डातून थोडे उचलायचे, नाहीतर वहिनींच्या पाटल्या तारण ठेवायच्या. वहिनींचं म्हणणं एका ओळीत लिहिलंय: "तिला हे पटत नाही." ती ओळ तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी लिहिलीत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

तुम्ही दोन पिस्तुलांच्या किमतींची तुलना केलीत. फरक ५० हजारांचा, म्हणून तुम्हाला वाटतं की निर्णय ५० हजारांचा आहे. तसं नाही. पिस्तूल एकदा घ्यायचं असतं, काडतुसं मरेपर्यंत. ठिबकचे पाइप घेताना आपण पाइपाच्या भावावर घासाघीस करतो आणि विजेचं बिल विसरतो, त्यातलाच हा प्रकार.

तुमच्याच भावानं हिशेब करू. .२२ ची गोळी २५ रुपये, .३२ ची ८० रुपये. महिन्याला ४०० गोळ्या झाडता असं लिहिलंय, केळीच्या धांदलीचे दोन महिने सोडले तर वर्षाला ४०००. .२२ वर १ लाख. .३२ वर ३ लाख २० हजार. म्हणजे .३२ घेतलंत तर दर वर्षी एक नवं कोरं पिस्तूल काडतुसांच्या रूपानं रेंजवरच्या मातीच्या बांधात जाऊन बसणार. तीन वर्षांचं एकत्र धरलं तर .२२ ला सगळं मिळून ५ लाख ६० हजार, .३२ ला १२ लाख ७० हजार.

आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर तुमच्या भाषेत सांगतो. टिश्यूकल्चरचं रोप तुम्हाला १६ रुपयांना पडलं. .३२ ची एक गोळी म्हणजे पाच रोपं. पाच गोळ्यांची एक सिरीज म्हणजे पंचवीस रोपं, आणि वेगाच्या फेरीत एकेका गोळीला मिळतात जेमतेम तीन सेकंद. ४००० गोळ्या म्हणजे २० हजार रोपं. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४० धरली तर ही साडेअकरा एकरांची लागवड झाली. शेत तुमचं सहा एकर.

तुम्ही म्हणाल, .३२ वर एवढं कशाला झाडू, वर्षाला हजारच झाडेन. मग ८० हजारांत भागेल, बरोबर. पण आत्ता ४००० झाडणारा माणूस हजारावर आला तर हात बसेल कसा? हत्यार महागडं आणि सराव चतकोर, हा सगळ्यात तोट्याचा सौदा. त्यापेक्षा एअर पिस्तूलच बरं, त्याचे छर्रे दोन-तीन रुपयांत जातात आणि १० मीटरची रेंज घराच्या ओसरीतही मावते.

आता गर्दी कमी असल्याचा मुद्दा. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात शहाणा मुद्दा आहे, तो मी उडवून लावणार नाही. सेंटर फायर ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे तरुण पोरं तिकडे कमी वळतात. प्रकार काही दुय्यम नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत नेमबाज जसपाल राणांनी याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. पण .३२ घेतलं की २५ मीटरमधला हा एकच प्रकार तुमच्या वाट्याला येतो. .२२ घेतलं तर स्टँडर्ड पिस्तूल, रॅपिड फायर हे प्रकार आहेत. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारांनी रौप्य मिळवलं ते रॅपिड फायरमध्ये, .२२ वरच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं सुवर्ण घेतलं तेही .२२ वरच. एका हत्यारावर दोन-तीन प्रवेश अर्ज भरता येतात आणि एका पुणे वारीत दोन मॅच उरकतात. वारीचा खर्च तुम्ही अडीच हजार लिहिलाय, तेव्हा हेही पैशातच मोजा.

शिवाय दोन्हीकडे ट्रिगरचं (चाप ओढायला लागणारं) वजन कमीत कमी १००० ग्रॅमच. सेंटर फायरची आखणी तीस गोळ्या सावकाश आणि तीस गोळ्या तीन-तीन सेकंदांच्या, आणि हाच क्रम .२२ वर जसाच्या तसा गिरवता येतो. म्हणजे बोटाला आणि डोळ्याला शिकवायचं ते सगळं २५ रुपयांच्या गोळीवर शिकवता येतं. ८० रुपयांच्या गोळीवर शिकायचा उरतो तो फक्त धक्का. .२२ चं शिसं ४० ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), .३२ वॅडकटरचं शंभराच्या आसपास, तेव्हा मनगटाला फरक कळणारच. पण तो ओळखीचा करून घ्यायला वर्षाला पाच-सहाशे गोळ्या पुरेत, आणि त्या क्लबच्या .३२ वर झाडता येतात.

जाता जाता .३८ चं. तुमच्या मित्रानं सांगितलं की भोक मोठं म्हणजे जास्त गुणांच्या रेषेला शिवण्याची शक्यता जास्त, म्हणून .३८ घ्या. सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची कोणतीही गोळी चालते, पण गुण मोजायचा गेज सगळ्यांना ९.६५ चाच लावतात. मोठ्या भोकाचा फुकट फायदा नाही. मित्राला चहा पाजा आणि विषय सोडा.

आणि दुसरं, वरणगावच्या दारूगोळा कारखान्याचं. आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. माझे मामा तिथे नोकरीला होते, तर लग्नकार्यात कोणी ना कोणी त्यांना बाजूला घेऊन विचारायचंच, "मामा, काडतुसं स्वस्तात मिळतील का?" अहो, तो कारखाना लष्करासाठी ५.५६ आणि ७.६२ च्या गोळ्या करतो. स्पर्धेच्या वॅडकटरशी त्याचा संबंध नाही, आणि मामांच्या डब्यातून काही बाहेर येत नसतं. तसंच, परदेशात लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या घरी भरून पैसे वाचवतात हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ती बचत वहीतून खोडून टाका.

तुम्ही पैशाचा हिशेब केलात पण परवान्यातल्या जागेचा केला नाहीत. रानडुकरांसाठी वडिलांची बारा बोअर आता तुमच्या नावावर आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, एक जागा त्या बंदुकीनं अडवलीय. खेळाडूंना जास्तीची मुभा आहे, पण ती स्पर्धेतल्या दर्जावर मिळते, हौसेवर नाही. म्हणजे तुमच्याकडे आज एकच रिकामी जागा. एकच प्रकार खेळता येईल अशा पिस्तुलाला ती देऊन टाकणं मला पटत नाही. वॉल्थरच्या जीएसपीसारख्या पिस्तुलात एकाच सांगाड्यावर .२२ आणि .३२ दोन्हीचे भाग बसतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कल्पना चांगली, पण जोडभागाची किंमत पुन्हा हजारांत नाही, लाखांत जाते, आणि काडतुसाचे ८० रुपये ८० च राहतात. तरीही मन जात असेल तर जोडभाग परवान्यात कसा नोंदवायचा हे आधी जिल्हाधिकारी कचेरीत लेखी विचारा, मग पैसे मोजा.

पिस्तूल "इन्व्हेस्टमेंट" आहे असंही लिहिलंय. भाऊ, जळगावात सोनं सराफाकडे नेलं तर दुपारी पैसे हातात. पिस्तूल विकायला परवानेवाला गिऱ्हाईक शोधावा लागतो, तो मिळाला तरी कागदपत्रं आहेतच. निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात, खेळाडूला सूट हवी तर अर्ज करा. गरजेला उभा न राहणारा पैसा गुंतवणूक नसतो. हा हौसेचा खर्च आहे, आणि तसं म्हणायला लाजू नका. आठ वर्षं पहाटे उठून खेळणाऱ्या माणसानं हौस करावी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण काडतुसाला असतं, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा माझं म्हणणं असं. बोअर आजच ठरवा, पिस्तूल आज घेऊ नका. अर्जात हत्याराचा प्रकार लिहावा लागतो, पोलिस चौकशी होते, यात महिने जातात. अर्ज .२२ साठी टाका. तोवर क्लबच्या हत्यारांवर यंदाचं वर्ष काढा: .२२ च्या ३००० गोळ्या, म्हणजे ७५ हजार. .३२ च्या ६००, म्हणजे ४८ हजार. वीस वाऱ्या, ५० हजार. एकूण १ लाख ७३ हजार. उरलेले २ लाख ७७ हजार बँकेत मुदत ठेवीत टाका, पण एकाच पावतीत नको, पन्नास-पन्नास हजारांच्या पावत्या करा, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल.

असं का, ते तुम्हाला सांगायला नको. मे-जूनचं वादळ एका रात्रीत उभी बाग आडवी करतं, पीकविम्याचे पैसे यायचे तेव्हा येतात, आणि मुलगी यंदा दहावीला आहे. वादळ झालं तर त्याच पावत्या घर चालवतील. नाही झालं आणि परवाना आला, तर त्याच पावत्या मोडून २ लाख ६० हजारांचं पिस्तूल घ्या. वरचे १७ हजार लोखंडी पेटीला आणि ग्रिप हाताला बसवून घ्यायला लागतील. काडतुसं मात्र शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो, आणि .२२ च्या शिशावर मेणासारखा थर असतो, तो उष्णतेनं बिघडला की महागडी गोळीही वाकडी जाऊ शकते. घरात, जमिनीलगतच्या थंड कपाटात, कुलपाखाली.

वर्षअखेरीला क्लबच्या .३२ वरचे तुमचे गुण मला पाठवा. .२२ वरच्या गुणांच्या तोडीस तोड आले आणि परवान्यात खेळाडूची जास्तीची मुभा मिळत असेल, तर पुढच्या कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतर लावायच्या केळीच्या) पैशातून .३२ चा विचार करू. तेव्हा मी आडवा येणार नाही. तोवर घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव वाढवा, तो फुकट आहे. फक्त पुढे .२२ हातात आलं की त्याच्या सुक्या सरावाची (गोळीशिवाय चाप ओढण्याची) सोय वापरल्याशिवाय चाप ओढू नका. .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या काठावर आदळते, आणि आत काडतूस नसताना आदळत राहिली तर पिस्तुलाच्या नळीचा काठ खराब होतो.

किसान कार्डाचं एवढंच: व्याजात सवलत मिळते, वेळेत फेडलं तर आणखी स्वस्त पडतं, आणि ही सवलत पिकासाठी आहे. त्या पैशाची काडतुसं झाली आणि वादळानं हप्ता चुकला, तर सवलतही जाईल आणि पुढच्या बागेचं खतही.

पाटल्यांना हात लावू नका. या उत्तराचा हा भाग वहिनींना वाचून दाखवा, आणि पुढच्या पत्रात त्यांची ओळ तळाशी न टाकता वर लिहा.