जांघेतली गाठ झोपल्यावर आत जाते, तर हर्नियाचं ऑपरेशन कशाला? पट्ट्यावर भागणार नाही का?

वडील 58 वर्षांचे, गाठ उजवीकडे, दुखत नाही, आणि शेजारचे काका पट्टा लावा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, आमच्या बाबांनी हाच पट्टा दोन वर्षं बांधला. ते नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात हमाली करायचे. पोतं पाठीवर घेण्याआधी भिंतीला टेकायचे, गाठ बोटांनी आत दाबायचे, आतून गुडगुड व्हायचं, मग पट्ट्याची गादी नेमकी तिथं बसवायचे. मे महिन्यात त्या गादीखालची कातडी घामाने सोलून निघायची. आणि लिंबाएवढी गाठ पेरूएवढी झाली ती झालीच.

पट्टा भोक बुजवत नाही, फक्त वरून दाबून धरतो. पुरुषाच्या जांघेत एक वाट असते. जन्माआधी वृषण पोटातून त्याच वाटेने खाली उतरतं. वयाने, जुन्या खोकल्याने, कुंथण्याने, वजन उचलून तिथला पडदा विरतो आणि पोटातली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. आडवं झालं की ते मागे सरकतं, भोक मात्र तसंच राहतं. गोळीने किंवा व्यायामाने ते भरत नाही.

म्हणून उद्याच ऑपरेशन करा असंही नाही. पुरुषाला त्रास नसेल तर सर्जनला दाखवून, लक्ष ठेवून थांबता येतं. पण बहुतेकांना पुढे दुखायला लागतं आणि ते करावंच लागतं. बाईच्या जांघेत गाठ असेल तर थांबू नये, तिथं आतडं अडकायची भीती जास्त.

बाबांची गाठ एका रात्री आत जाईना. दगडासारखी कडक, हात लावू देईनात, उलट्या, वारा सरेना. आतडं अडकलं की त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा वेळी गाठ जोर लावून ढकलू नका, सकाळचीही वाट पाहू नका. आम्ही तसेच मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. आतडं वाचलं.

वेळेवर केलं तर ऑपरेशन साधं आहे. उघड्या पद्धतीत बहुधा कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात आणि पडद्यावर मच्छरदाणीसारखी जाळी शिवतात. दुर्बिणीने करायचं तर पूर्ण भूल लागते. हर्निया दोन्ही बाजूंना असेल तर ते सोयीचं पडतं. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 मध्ये जाळीशिवायची पद्धत मांडली, रुग्णाच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी वापरून. तुमच्या वडिलांना कोणती बरी, ते सर्जन तपासून ठरवतील. चालणं बहुधा त्याच दिवशी सुरू होतं, जड उचलणं मात्र महिना-दीड महिना बंद. खोकला आला की जखमेवर उशी दाबून धरायला सांगा, बाबांना त्याचा फार आधार वाटायचा.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत सर्जरीची ओपीडी आहे. जाताना वडिलांना एक विचारून ठेवा: लघवीला जोर लावावा लागतो का? तेही कुंथणंच झालं. या वयात ते प्रोस्टेटमुळे, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीमुळे असू शकतं, आणि ते सांगायला माणूस लाजतो.