टिप्परवाल्याच्या लेकीला धावपट्टीचं शिकायचंय

सेलू तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडी शेती आहे, एक टिप्पर आहे, मुरूम-गिट्टीच्या खेपा मारतात. मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या व्हिजिटला विमानतळ बघून आली आणि तेव्हापासून एकच धरून बसलीय, की ह्या धावपट्टीवर उद्या मोठं विमान उतरवायचं म्हटलं तर ती झेपेल का नाही हे ठरवतं कोण, मला ते काम करायचंय. मामा म्हणतो डिग्रीला कॉम्प्युटर घे. वडील लिहितात, "सर, शेवटी डांबरच ना ते, रस्त्याचंच काम, त्यात असं वेगळं काय, आन् पोरीच्या जातीला साइटवर रात्री-बेरात्री पाठवायचं कसं?"

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं रस्त्याच्या मटेरियल लॅबमध्ये काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. आणि पहिलंच सांगतो, तुमची लेक जे विचारायलीय त्याचं अर्धं उत्तर तुमच्या घरात आहे. टिप्परमध्ये परवान्यापेक्षा दोन ब्रास जास्त टाकले की रस्ता कसा बसतो ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. रस्त्याच्या अभ्यासात एक ढोबळ नियम सांगतात, एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, जवळजवळ १६ पट होतं. धावपट्टीचं गणित ह्याच्याच पुढचं आहे, फक्त आकडे लई मोठे.

तुमच्या टिप्परच्या मागच्या एका टायरवर कायद्यात बसणारा लोड धरला तर अडीच-पावणेतीन टन येतो. एटीआर-७२ हे छोटं पंख्याचं विमान भरून साधारण २३ टनांचं, मुख्य चाकं चार, थोडं वजन नाकाखालच्या चाकांवर जातं, म्हणजे मुख्य एका चाकावर साडेपाच टनांच्या आसपास. ए-३२० निओ ७९ टनांचं, त्याच्या एका चाकावर १८-१९ टन. ए-३२१ निओ ९७ टनांपर्यंत जातं, तिथं तोच आकडा २३ टन. आणि टायरात हवा २०० पीएसआयच्या वर, तुमच्या टिप्परात ११०-१२० असते. म्हणून "शेवटी डांबरच ना" असं नाही म्हणता येत.

आता गंमत बघा. बोइंग ७७७-३००ईआर हे ३५१ टनांचं विमान, म्हणजे ए-३२१ च्या साडेतीन पटीहून जास्त, पण त्याला मुख्य चाकं १२ आहेत, त्यामुळं एका चाकावर येतात फक्त २७ टनांच्या आसपास. मग धावपट्टीला फरक थोडाच पडतो असं वाटेल, पण तसं नाही. वरच्या डांबराला प्रत्येक चाक वेगवेगळं जाणवतं, खाली मीटरभर गेलं की शेजारशेजारच्या चाकांचा दाब एकमेकांत मिसळतो आणि खालच्या मातीला ते सगळं मिळून एकच मोठं ओझं वाटतं. म्हणजे वरून धावपट्टी चकचकीत दिसते आणि खालची माती दबत असते. म्हणून नुसतं विमानाचं वजन विचारून भागत नाही, चाकं किती, किती अंतरावर, हवा किती आणि खाली माती कोणती, हे सगळं लागतं.

आणि माती म्हटलं की आपला मराठवाडा आला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भिजवून तिचा सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते त्याचा आकडा, काढला तर दोन-तीन टक्के येतो. चांगला मुरूम कितीतरी वर जातो. बाहेरगावच्या पोराला हे पुस्तकातून शिकावं लागतं, तुमच्या लेकीनं मृगाच्या पावसात फसलेली ट्रॉली ओढून काढलेली बघितलीय. ह्याला मी खरंच मोठं भांडवल समजतो.

ती ज्या कामाबद्दल बोलायलीय ते असं चालतं. प्रत्येक मोठ्या धावपट्टीला एक कोड असतो, समजा पीसीआर ६५०/एफ/सी/डब्ल्यू/टी. पहिला आकडा ताकदीचा. एफ म्हणजे डांबरी, काँक्रीट असेल तर आर. सी म्हणजे खालच्या मातीचा दर्जा, ए सगळ्यात घट्ट आणि डी सगळ्यात मऊ. डब्ल्यू म्हणजे टायरच्या हवेला मर्यादा नाही. शेवटचं अक्षर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टी म्हणजे खोदून, तपासून, हिशोब करून काढलेला आकडा, आणि यू म्हणजे आतापर्यंत इथं अमुक विमान रोज उतरतंय, काही झालं नाही, म्हणून तेवढं धरलेलं. विमानाचाही तसाच आकडा असतो, एसीआर. विमानाचा आकडा धावपट्टीच्या आकड्याच्या आत असला की ते बिनधास्त ये-जा करू शकतं. आधी ही पद्धत एसीएन-पीसीएन नावानं १९८१ पासून चालत होती, २८ नोव्हेंबर २०२४ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नवी लागू केली. नवा आकडा जुन्याच्या साधारण दहापट दिसतो पण जुन्याला दहानं गुणून नवा काढता येत नाही, धावपट्टीचं नव्यानं मूल्यमापन करावंच लागतं, म्हणून ह्या कामाच्या माणसांची सध्या गरज आहे.

मोजतात कसं, तर एचडब्ल्यूडी म्हणून गाडीमागं ओढायचं यंत्र असतं, ते प्लेटवर वजन आदळवतं, २४ टनांपर्यंतचा ठोका देता येतो, आणि ओळीनं लावलेले सेन्सर जमीन किती खाली गेली ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, टिपतात. त्या खळग्याच्या आकारावरून उलटं गणित करून वरच्या थराची, मधल्या थराची, मातीची ताकद काढायची. सोबत कोअर, म्हणजे धावपट्टीत भोक पाडून गोल नमुने, काढायचे, रडारनं थरांची जाडी बघायची, भेगा-खड्डे मोजायचे आणि पुढच्या वीस वर्षांत कोणती विमानं किती वेळा येणार ह्याचा हिशोब घालायचा. मामांना सांगा, ह्यात कॉम्प्युटर भरपूर आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं फारफील्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लेकीला आत्ताच उतरवून घ्यायला सांगा.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. विमान उतरताना धाडकन आपटतं म्हणून तिथंच जास्त नुकसान होत असेल असं लोक धरतात. पण उतरताना बरंचसं वजन अजून पंखांवर असतं, इंधनही जळून कमी झालेलं असतं. खरा मार बसतो टॅक्सीवेला, म्हणजे धावपट्टीकडं नेणाऱ्या वाटेला, आणि जिथं विमान उभं राहतं त्या एप्रनला, कारण टाक्या भरलेलं विमान तिथं हळूहळू सरकतं, थांबतं. तुमचा भरलेला टिप्पर उन्हाळ्यात डांबरावर रात्रभर उभा केला तर चाकाखाली खळगा पडतो ना, तेच. म्हणून एप्रन बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा करतात.

आणि ओव्हरलोड? तो इथंही आहे पण नियमात. धावपट्टीच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत जड विमान कधीमधी चालतं, अशा फेऱ्या वर्षाच्या एकूण फेऱ्यांच्या ५ टक्क्यांच्या आसपासच ठेवायच्या, आणि भेगा दिसत असतील किंवा पाण्यानं खालची माती ढिली झाली असेल तर अजिबात नाही. आता विचार करा, गावात मोठं विमान यावं म्हणून सगळे मागं लागलेत, पुढारी, व्यापारी, पेपरवाले, आणि लेकीच्या हातात अहवाल आहे ज्यात आकडा कमी आलाय. तेव्हा तिला "नाही" लिहिता आलं पाहिजे, आणि किती जाडीचा थर दिला तर "हो" म्हणता येईल हेही सांगता आलं पाहिजे. मी लॅबमध्ये असताना एका रस्त्याच्या सीबीआरचा आकडा बदलून लिही म्हणून माझ्यावर दबाव आला होता. मी नाही लिहिला, मला दुसऱ्या साइटवर पाठवलं, तो रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात फाटला. अजूनही त्या रस्त्यानं जाताना मला वाईट वाटतं, कारण अपघात आपल्याच लोकांचे झाले. तुमची लेक "ठरवतं कोण" असं विचारतेय, "पगार किती" असं नाही, म्हणून मला ती ह्या कामाला योग्य वाटते.

आता रस्ता कसा. डिप्लोमा झाल्या-झाल्या सुपरवायझरची नोकरी धरायला लावू नका, डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला घाला, ब्रँच सिव्हिलच. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी आणि नांदेडचं एसजीजीएस हे दोन पर्याय आधी भरा, घरापासून लांब नाहीत आणि फी झेपेल. सॉइल मेकॅनिक्स, ट्रान्सपोर्टेशन आणि संख्याशास्त्र ह्यात कच्चं राहायचं नाही. मग गेटची प्रवेश परीक्षा, आणि एम.टेक. ट्रान्सपोर्टेशन, आयआयटी किंवा नागपूरचं व्हीएनआयटी. विमानतळ प्राधिकरणात सिव्हिलच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या जागा गेटच्या मार्कांवर भरल्या गेल्यात. हवाई दलाच्या धावपट्ट्या सांभाळणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस आहे, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आहे, खासगी विमानतळ आणि सल्लागार कंपन्या आहेत.

खोटी आशा मात्र दाखवत नाही. नुसत्या धावपट्टीवर काम करणारी माणसं देशात थोडीच लागतात. पण हेच यंत्र, थोड्या कमी ठोक्याचं, हायवेवर चालतं आणि गणितही तेच, त्यामुळं पहिली चार-पाच वर्षं समृद्धीसारख्या रस्त्यांवर पोट भरेल, हात बसेल, आणि विमानतळाचं काम निघालं की ती तयार असेल.

रात्रीच्या कामाचं. हो, रात्री असतं, कारण विमानं बंद असतानाच धावपट्टी मिळते. पण विमानतळाच्या आत पास असल्याशिवाय कुणी शिरत नाही, गेटवर पहारा असतो, टीमसोबत जायचं-यायचं असतं. खुल्या रस्त्याच्या साइटपेक्षा ते कितीतरी सुरक्षित. राहायची आणि गाडीची सोय कंपनीकडून लेखी घ्या, तेवढं बापानं विचारलंच पाहिजे आणि त्यात लाजायचं काही कारण नाही.

ह्या सुट्टीत एक करा. तुमच्या शेतातली काळी माती आणि तुम्ही ज्या खदानीतून मुरूम आणता तिथला मुरूम, दोन्ही पोतं-पोतं लेकीला कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन द्या. साचे चार दिवस पाण्यात ठेवून तिनं स्वतः सीबीआर काढायचा, शिक्षकांना विचारून, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. आकडे आले की मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.