फेयेनोर्त, फेयेनूर्ड की आणखी काही?

प्रश्न असा आहे: ‘रॉटरडॅमच्या प्रसिद्ध फुटबॉल क्लबचं नाव इंग्रजी समालोचक ‘फायनोर्ड’च्या आसपास काहीतरी घेतात, मराठीत ‘फेयेनूर्ड’ छापलेलं दिसतं आणि आइंडहोव्हनला नोकरी करणारा माझा भाचा ‘फेयेनोर्त’ म्हणतो. शिवाय नकाशात त्याच नावाच्या भागाचं स्पेलिंगच वेगळं आहे, ‘वाय’च्या जागी ‘आय-जे’. बरोबर काय?’

भाचा बरोबर आहे. (पीएसव्ही या दुसऱ्या डच क्लबच्या गावात राहून तो हे नाव नीट घेतो, म्हणजे धीटही आहे.)

आधी ‘नूर’चा निकाल लावू. दोन ‘ओ’ शेजारी दिसले की आपण ‘ऊ’ वाचतो, कारण बूट, फूट, स्कूल हे सगळं शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला पाठ झालेलं. डचमध्ये दोन ‘ओ’ म्हणजे साधा, लांबवलेला ‘ओ’. आपल्याला जो शब्द ‘बूट’ दिसेल तो तिथे ‘बोत’ आहे आणि त्याचा अर्थ होडी. याचं एक उदाहरण तर आपल्या ओळखीचं आहे. अमेरिकेच्या ज्या अध्यक्षांना आपण ‘रूझवेल्ट’ म्हणतो, त्यांचं घराणं मूळचं डच. ते स्वतःला ‘रोझवेल्ट’च म्हणवत. तेव्हा ‘नूर्ड’ नाही, ‘नोर्त’. यातला ‘ओर्त’ हा भाग सुटा शब्द म्हणूनही डचमध्ये आहे, अर्थ ‘ठिकाण’.

आता स्पेलिंगमध्ये शेवटी ‘डी’ असताना ‘त’ कुठून आला? डच माणूस शब्दाच्या शेवटी आलेला ‘ड’ कठोर करून टाकतो. कुत्रा म्हणजे ‘होन्त’, पण अनेक कुत्रे म्हटले की ‘होन्डन’, कारण आता तो ‘ड’ शेवटी राहिला नाही. क्लबच्या नावाचंही असंच होतं. क्लब ‘फेयेनोर्त’, पण त्याचा खेळाडू किंवा चाहता मात्र ‘फेयेनोर्डर’. एकाच वाक्यात दोन्ही ऐकू आले तर गोंधळू नका. ‘ट’ लिहावा की ‘त’, याबद्दल मतभेद असू शकतो. डच जीभ आपल्या ‘ट’सारखी मागे वळत नाही, दातांच्या जवळच टेकते, म्हणून मी ‘त’च्या बाजूचा. कुणी ‘फेयेनोर्ट’ लिहिलं तर भांडणार नाही.

मधल्या ‘ये’बद्दल थोडं. खरा उच्चार तिथे ‘ये’ नसून जवळजवळ आपला ‘अ’ आहे, म्हणजे ‘फेय-अ-नोर्त’. मग सरळ ‘फेयनोर्त’ का लिहू नये? कारण आपण मराठी माणसं मधला ‘अ’ गिळतो. ‘बोलका’ लिहितो आणि ‘बोल्का’ म्हणतो. तसंच ‘फेय्नोर्त’ होऊन तीन अक्षरांची दोनच उरतील. ‘ये’ लिहिल्याने निदान अक्षर तरी वाचतं.

आता ‘वाय’ आणि ‘आय-जे’. प्रश्नातला खरा रस इथे आहे.

क्लब १९ जुलै १९०८ रोजी एका पबमध्ये जन्माला आला, तेव्हा त्याला राणीचं नाव होतं, विल्हेल्मिना. वर्षभरातच ते बदललं, मग पुन्हा बदललं आणि ‘सेलेरितास’ झालं. हा लॅटिन शब्द, अर्थ ‘वेग’. १९१२ साली राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत बढती मिळाली, तर तिथे आधीच एक सेलेरितास हजर! मग क्लबने आपल्या मोहल्ल्याचंच नाव घेतलं. न्यूवे मास नदीच्या दक्षिण काठावरचा हा गोदी कामगारांचा, जहाजबांधणीचा भाग. रॉटरडॅममध्ये सदरे बाह्या दुमडूनच विकायला ठेवतात, हा विनोद याच शहराचा. क्लबच्या गाण्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली ओळ आहे, ‘शब्द नकोत, कृती हवी’. (आपल्या या चर्चेकडे ते कसे पाहतील, ते वेगळं सांगायला नको.)

या मोहल्ल्याच्या नावात ‘आय-जे’ ही जोडी आहे. डचमध्ये ती जवळपास एकच अक्षर मानतात. मोठ्या अक्षराने लिहायच्या शब्दाच्या सुरुवातीला आली तर दोन्ही अक्षरं मोठी लिहितात. हाताने लिहिताना ती दोन टिंबांच्या ‘वाय’सारखी दिसते. उच्चार ‘ए’पासून सुरू होऊन ‘इ’कडे सरकणारा. आपला ‘ऐ’ ‘अ’पासून निघतो, म्हणून ‘फैयेनोर्त’ लिहिलं तर थोडं चुकतंच.

६ मे १९७० रोजी मिलानमध्ये जादा वेळेत ओव्हे किंडव्हालने गोल केला, सेल्टिक २-१ ने हरला आणि युरोपियन कप पहिल्यांदाच एका डच क्लबकडे आला. साहजिकच परदेशी तोंडांत हे नाव येऊ लागलं आणि ‘आय-जे’पाशी अडखळू लागलं. १९७४ मध्ये क्लबने परक्यांच्या सोयीसाठी नावात ‘वाय’ घातला. उच्चार तसूभरही बदलला नाही. मोहल्ल्याने मात्र आपलं ‘आय-जे’ सोडलं नाही, म्हणून तुमच्या नकाशात ते दिसतं. याच भागातल्या जुन्या जहाज कारखान्याने तर पहिला ‘ई’ गाळून तिसरंच स्पेलिंग चालवलं. म्हणायचं तिन्हींना तेच.

हा ‘वाय’ एकटा नाही. परदेशी वर्तमानपत्रांत ‘वाय’ने लिहिला जाणारा फुटबॉलपटू योहान क्रॉइफ घरी ‘आय-जे’वालाच होता. ॲमस्टरडॅमच्या आयाक्सने (हो, डच ‘जे’ म्हणजे ‘य’, ‘अजॅक्स’ नव्हे) करार वाढवला नाही म्हणून तो रागाने १९८३ मध्ये थेट हाडवैऱ्याकडे, फेयेनोर्तकडे गेला. त्या मोसमात आयाक्सने त्यांना ८-२ असं धुतलं, पण शेवटी लीग आणि कप दोन्ही फेयेनोर्तने नेले. तीच गत डर्क कॉइतची. तोही जन्माने ‘आय-जे’, जगासाठी ‘वाय’. १४ मे २०१७ रोजी हेराक्लेसविरुद्ध तीन गोल करून त्याने क्लबला १८ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. या दोन नावांतला स्वर मात्र फेयेनोर्तमधला नाही. तो मराठीत नाहीच. ओठांचा चंबू ठेवून ‘एइ’ म्हणायचा प्रयत्न करा, जवळपास पोहोचाल. ‘क्रॉइफ’ आता रुळलं आहे, तेच असू द्या.

कुणी म्हणेल, इतका काथ्याकूट कशाला, इंग्रजीतून आलं तसं घ्यावं. घ्यावं की. पण आज्ञापत्रात इंग्रज, फरासीस यांच्या पंगतीला ‘वलंदेज’ बसलेले आहेत. तेच हे डच. पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलेलं नाव आपल्या लोकांनी कानाने उचललं आणि मराठी करून टाकलं. त्यांनी स्पेलिंग पाहिलं नव्हतं. रॉटरडॅम आता बदलू नये, ते घट्ट बसलं आहे. फेयेनोर्त अजून ओलं आहे.

जाता जाता, त्यांच्या मैदानाला सगळे ‘द कॉइप’ म्हणतात, क्रॉइफमधलाच स्वर. अर्थ मोठं लाकडी पिंप किंवा टब. मी तर त्याला घंगाळ म्हणेन. २७ मार्च १९३७ रोजी बेल्जियमच्या बेर्स्खोतला ५-२ ने हरवून ते सुरू झालं आणि आता तिथे सुमारे ४७,५०० माणसं बसतात. त्याचं औपचारिक नाव आहे ‘स्टाडियोन फेयेनोर्त’. ते लिहितात आजही ‘आय-जे’नेच, आणि आत खेळणारा क्लब ‘वाय’वाला.