निकॉन डी७१०० कॅमेरा वापरतोय, सेकंडहँड डी७२०० घेऊन फरक पडेल का? (हर्णै-दापोली भागात पक्ष्यांचे फोटो काढतो)

उडते पक्षी टिपत असाल तर नक्की पडेल. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींत ५१ फोकस पॉइंट (चौकटीत फोकस धरता येतो त्या जागा), वेगही सेकंदाला ६ फोटो.

खरा फरक बफरचा, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत ते साठवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या मेमरीचा. २०१३ चा डी७१०० १४ बिट रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सहाएक फोटोंतच अडखळतो. २०१५ चा डी७२०० अठराएक सलग काढतो. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, घारी झेपावतात आणि नेमका तेव्हाच कॅमेरा थांबला की फार जिवाला लागतं. त्याच कातरवेळी नव्याचा फोकसही जास्त भरवशाचा: तो उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार जास्त) पकडतो, जुना उणे २ पर्यंत. शिवाय काळोख्या सावल्या उजळल्यावर डी७१०० मध्ये जे पट्टे उमटतात, ते डी७२०० मध्ये जवळजवळ दिसत नाहीत. वायफायही आहे.

लेन्स आणि बॅटरी तुमच्याच चालतील.

देवळं, किनारे, घरचे गणपती एवढंच काढायचं असेल तर मात्र बदलू नका, पैसे चांगल्या लेन्सवर घाला. आणि बॉडी कुठलीही असो, पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवा. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.