गोल्फमध्ये आपल्या खेळाला योग्य टी कोणती?

आपला ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) साधारण २०० यार्ड जातो, हँडिकॅप (खेळाची कुवत दाखवणारा आकडा; जितका मोठा, तितका खेळ कच्चा) २४ आहे आणि सोबतचे सगळे मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या मागच्या जागेवरून, ६,४०० यार्डांचा कोर्स खेळतात, तेव्हा आपण कुठून खेळावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते आपण ५,२०० ते ५,४०० यार्डांच्या आसपासची टी निवडावी आणि हा निर्णय हँडिकॅपवरून नव्हे, तर चेंडू किती लांब जातो यावरून घ्यावा. हँडिकॅप २४ असण्यामागे कमकुवत पटिंगही (चेंडू छिद्रात घालण्याचे जवळचे फटके) असू शकते आणि त्यावर टी बदलणे हा उपाय नव्हे.

वर दिलेला आकडा माझ्या मनाचा नाही. अमेरिकेतील यूएसजीए (तिथली गोल्फ संघटना) आणि पीजीए ऑफ अमेरिका (व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांची संघटना) यांनी २०११ मध्ये ‘टी इट फॉरवर्ड’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा २०० यार्डांच्या ड्राइव्हसाठी हीच लांबी सुचवली होती. २५० यार्डांसाठी ती ६,२०० ते ६,४०० आहे. दुसरा प्रचलित आडाखा असा, की पाच नंबरच्या आयर्नने (धातूच्या डोक्याची, मधल्या पल्ल्याची काठी) जाणाऱ्या अंतराला ३६ ने गुणावे, म्हणजे कोर्सची योग्य लांबी मिळते. मात्र दोन्हीकडे नेहमीचे अंतर धरावे. उतारावर, वारा पाठीशी असताना एकदा बसलेला फटका हिशेबात घेऊ नये. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.)

फरक नेमका कुठे पडतो, हे पार-४ च्या, म्हणजे चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या, होलवर दिसते. मागच्या टीवरून होल ४०० यार्डांचे असेल, तर उत्तम ड्राइव्हनंतरही आपल्यासमोर २०० यार्ड उरतात, आणि तेवढ्या अंतरावरून ग्रीनवर (छिद्राभोवतीच्या आखूड हिरवळीवर) चेंडू थांबवणे आपल्याला जवळजवळ अशक्य आहे. तेच होल पुढच्या टीवरून ३३० यार्डांचे झाले, की १३० यार्ड उरतात, हातात मधले आयर्न येते आणि बंकर (वाळूचा खड्डा) टाळायचा की ध्वजाकडे मारायचे, असा खरा विचार करण्याची संधी मिळते.

टीच्या रंगांवर विसंबू नये, कारण ते सर्व कोर्सवर सारखे नसतात. स्कोअरकार्डावरील लांबी, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला त्या टीवरून साधारण किती फटके लागतील, तो आकडा) आणि स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स तुलनेने किती अवघड, तो आकडा) पाहावेत. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानतात. पुढची टी ही केवळ स्त्रियांची किंवा ज्येष्ठांची, हा समज तर सोडूनच द्यावा.

मित्रांशी स्पर्धेची अडचणही येत नाही, कारण प्रत्येक टीच्या रेटिंग व स्लोपनुसार कोर्स हँडिकॅप (त्या टीवर मिळणाऱ्या सवलतीच्या स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची, संख्या) वेगळा निघतो आणि पुढून खेळणाऱ्याला बहुधा कमी स्ट्रोक मिळतात. काही फेऱ्यांनंतर बहुतेक पार-४ वर दुसऱ्या फटक्याला वेजच (कमी अंतराच्या फटक्यांची काठी) हाती येऊ लागला, तर एक टी मागे सरकावे.