आकाशवाणीला हिशेब विचारायचा तर कुठं विचारायचा?

विट्याहून प्रश्न आलाय: आकाशवाणी आपल्या करातून चालते, तर सांगली केंद्रावर खर्च किती होतो आणि त्यात स्थानिक कार्यक्रम किती, हे साध्या माणसाला विचारता येतं का?

येतं, माहिती अधिकाराखाली (आरटीआय) अर्ज करून. मी दोनदा विचारलंय, पहिल्यांदा तोंडावर आपटलो.

आमच्या वडिलांच्या वेळी रेडिओला लायसन्स लागायचं. वर्षातून एकदा पोस्टात जायचं, पुस्तकात तिकीट चिकटवायचं, शिक्का मारून आणायचा. आपण पैसे भरतोय हे त्या पुस्तकामुळं ध्यानात राहायचं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आता पैसा केंद्रीय अर्थसंकल्पातून माहिती व प्रसारण मंत्रालयामार्फत प्रसार भारतीकडं, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळाकडं जातो, म्हणजे बिस्किटपुड्यावरचा जीएसटीसुद्धा त्यातच गेला. जाहिरातींची कमाई असते, पण तेवढ्यात भागत नाही. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत भरती झालेले कर्मचारी तर केंद्र सरकारचेच, प्रतिनियुक्तीवर समजले जातात आणि त्यांचा पगार अनुदानातून येतो. यंत्रसामग्रीचं खातं वेगळं: जानेवारी 2023 मध्ये स्टुडिओ, ट्रान्समीटर वगैरेंसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर झाली.

या पैशाचं ऑडिट होतं. प्रसार भारती कायदा 1990 चा, लागू झाला 1997 ला. हिशेब कॅग तपासतं, वार्षिक अहवाल संसदेपुढं जातो. माझी तक्रार पुढची आहे. त्याच कायद्यात कलम 13 आहे: लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 अशा 22 खासदारांची समिती असावी, तिनं महामंडळाच्या कामावर नजर ठेवावी. ही समिती कधी बसलीच नाही. खुर्चीला किती पैसे पडले हे तपासायला माणूस आहे, खुर्चीवर बसून काय ऐकवलं हे तपासायला नाही. वरून पगार सरकारचा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढं तर आपल्याला कळतंच.

म्हणून मी अर्जात 'एकूण खर्च किती' एवढंच विचारू नका म्हणतो. उत्तरात एक आकडा येतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. दोन कागद मागा. एक, फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे कुठल्या वेळेला कुठला कार्यक्रम ठरलाय तो तक्ता. स्थानिक किती आणि पुण्या-दिल्लीहून सहक्षेपित किती हे त्यावरून स्वतः मोजता येतं. दुसरा, ड्यूटी ऑफिसरचा ट्रान्समिशन रिपोर्ट, म्हणजे रोजचं प्रक्षेपण कसं झालं त्याची नोंद, साधारण तीन महिन्यांची. केंद्राचं नाव घेत नाही, पण मला मिळालेल्या पानांत संध्याकाळी सातनंतर वीज गेली, प्रक्षेपण खंडित, अशी नोंद इतक्या वेळा होती की शेवटी मी बोटांवर मोजायचं सोडून वहीत रेघा मारायला लागलो. 1963 पासून चालणारं सांगली केंद्र ज्यांनी 1251 किलोहर्ट्झवर ऐकलंय, त्यांना ती खरखर आठवत असेल. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चाललाय आणि मधेच शांतता, हा खर्चाइतकाच महत्त्वाचा हिशेब आहे.

आता मी आपटलो कुठं? आपल्याला सवय तहसील, पंचायत समितीची. तिथं दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप चिकटवलं की झालं. मी तसाच अर्ज पाठवला आणि तो परत आला. आकाशवाणी केंद्र सरकारच्या अखत्यारीतली आहे, तिथं कोर्ट फी स्टँप चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लेखाधिकाऱ्याच्या नावे काढा, किंवा केंद्र सरकारच्या आरटीआय संकेतस्थळावरून ऑनलाइन भरा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखला जोडावा लागतो. अर्ज पाचशे शब्दांच्या आत बसवा आणि 'का केलं' असं विचारू नका. 'का'चं उत्तर कागदावर लिहिलेलं नसलं तर तुम्हाला ते मिळणार नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्याच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं अपील करायचं, आणि तिथंही नाहीच झालं तर केंद्रीय माहिती आयोग. मुंबईचा राज्य आयोग नव्हे. यात आमच्या एका मित्राचे चार महिने गेले.

कागद जाडजूड असतील तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहायची परवानगी मागा. पहिला तास फुकट, पुढं तासाला पाच रुपये. झेरॉक्स पानाला दोन रुपये. जाताना वही घेऊन जा, आणि चष्मा विसरू नका, त्या रिपोर्टांतलं अक्षर डॉक्टरांच्या वरताण असतं.